लोहार आडनावाचा नोटरी: एरेरो, एरेरा आणि फेरर या स्पॅनिश आडनावांचा इतिहास

टेनिस पाहणाऱ्यांना हुआन कार्लोस फेरेरो आठवत असेल. २००३ साली त्याने फ्रेंच ओपन जिंकली आणि त्याच वर्षी तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात राफाएल नदालसमोर दाविद फेरर उभा होता. फेरेरो आणि फेरर दोघंही स्पेनच्या वॅलेन्सिया प्रदेशातले. एकाचं गाव ओंतिन्येंत, दुसऱ्याचं हावेआ. दोघांच्या आडनावांचा अर्थही एकच: लोहार.

एकाच प्रदेशात एकाच धंद्याची दोन आडनावं कशी आली, याचं उत्तर तेराव्या शतकात सापडतं. १२३८ साली आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने मुस्लिम सत्तेकडून वॅलेन्सिया शहर घेतलं आणि त्या मुलखात आपल्या राज्यातली माणसं वसवली. किनाऱ्याकडून आलेले कॅटलान बोलत, लोहाराला ‘फेरर’ म्हणत. डोंगराकडून आलेले आरागॉनी बोलत, त्यांचा शब्द ‘फेरेरो’. दोन्ही शब्द शेजारी शेजारी रुजले, आडनावं झाले आणि आजही तिथे नांदत आहेत.

या आडनावांचा कुटुंबकबिला फार मोठा आहे. लॅटिनमध्ये लोखंडाला ‘फेरुम’ आणि लोखंडाचं काम करणाऱ्याला ‘फेरारियुस’ म्हणत. रोमन साम्राज्य मोडल्यावर लॅटिन प्रत्येक मुलखात वेगवेगळी वळली आणि हा शब्दही तिच्याबरोबर वळला. कॅटलानमध्ये फेरर, गालिसियात फेरेइरो, आरागॉन आणि लेओनकडे फेरेरो, इटलीत फेरारी आणि फेरेरो. खुद्द कॅस्टीलमध्ये, म्हणजे आज आपण ज्या भाषेला स्पॅनिश म्हणतो तिच्या माहेरी, तो झाला ‘एरेरो’. रोमन लिपीत त्याच्या सुरुवातीला ‘ह’चं अक्षर लिहितात, म्हणून आपल्याकडे ‘हेरेरो’ किंवा ‘हेरेरा’ असं छापलं जातं. उच्चारात मात्र तो ‘ह’ मुका असतो.

बाकी सगळीकडे ‘फ’ टिकला आणि कॅस्टीलमध्येच तो गेला, हा स्पॅनिश भाषेच्या इतिहासातला सगळ्यात ठळक बदल आहे. उत्तर स्पेनमध्ये, बास्क मुलखाला लागून असलेल्या टापूत, शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ नुसत्या श्वासासारखा, ‘ह’सारखा उच्चारला जाऊ लागला. जुन्या बास्क भाषेत ‘फ’ नव्हता, त्यामुळे बास्क शेजाऱ्यांच्या तोंडून हे वळण आलं, असं एक वजनदार मत आहे. त्यावर वाद अजून चालू आहेत. कॅस्टीलची सत्ता दक्षिणेकडे सरकली, तसा हा उच्चारही सरकला. कारकून मात्र बराच काळ जुन्या सवयीने ‘फ’च लिहीत राहिले. पंधराव्या शतकाच्या अखेरीला लिखाणातही ‘ह’ रुळला आणि पुढच्या शंभरेक वर्षांत तो बोलण्यातून पुसलाच गेला. लॅटिन ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, त्याचा ‘इहो’ झाला. पीठ म्हणजे ‘फारिना’, त्याचं ‘आरिना’. लोखंड म्हणजे ‘फेरुम’, त्याचं ‘इएरो’. आपल्याकडे संस्कृत ‘दधि’चं ‘दही’ होताना ‘ध’मधला फक्त ‘ह’ उरला, ती वाट थोडीफार याच जातीची.

गोव्याशी ओळख असलेल्या वाचकाला हा बदल एका झटक्यात पटेल. पोर्तुगीजमधलं फर्नांडिस आणि स्पॅनिशमधलं हर्नांडेझ हे मुळात एकच आडनाव आहे: फर्नांदोचा मुलगा. पोर्तुगीजने ‘फ’ ठेवला. स्पॅनिशमध्ये दोन्ही रूपं राहिली.

आता एरेरो आणि एरेरा यांतला फरक. दिसायला एका स्वराचा आहे, पण अर्थ बदलतो. एरेरो म्हणजे लोहार, माणूस. एरेरा मात्र लॅटिन ‘फेरारिया’पासून आलं, म्हणजे लोखंडाची खाण किंवा जिथे लोखंड गाळतात ती जागा. अशा जागांभोवती गावं वसली आणि त्यांना तेच नाव पडलं. पालेन्सिया प्रांतात एरेरा दे पिसुएर्गा आहे, बादाहोस प्रांतात एरेरा देल दुके आहे, सेव्हिल प्रांतात नुसतं एरेरा आहे. त्या गावातून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लोक ‘दे एरेरा’ म्हणू लागले. मराठीत सांगायचं तर तो एरेराकर. म्हणून एरेरा आडनावाच्या माणसाच्या पूर्वजाने घण उचललाच असेल, असं नाही. तो त्या गावचा पाटील असेल, धनगर असेल किंवा तिथून निघालेला सरदारही असेल. सेव्हिलचा कवी फर्नांदो दे एरेरा आणि राजा दुसऱ्या फिलिपसाठी एल एस्कोरियालचा भव्य मठ-राजवाडा १५८४ साली पुरा करणारा वास्तुकार हुआन दे एरेरा या दोघांच्याही आडनावात तो ‘दे’ आहे. योगायोग असा की दोघंही १५९७ सालीच वारले.

लोखंडाच्या जागांवरून नावं पडावीत इतकं लोखंड त्या देशात होतं. उत्तरेच्या विस्काया आणि कांताब्रियाच्या डोंगरांत, विशेषतः सोमोरोस्त्रोच्या परिसरात, उत्तम प्रतीचं खनिज मिळे. तिथल्या नद्यांवर पाणचक्कीच्या जोरावर चालणारे भाते आणि अवजड घण बसवलेले कारखाने होते. बास्क भाषेत अशा जागेला ‘ओला’ म्हणतात. ओलाबारिया, ओलासाबाल ही बास्क आडनावं त्यातूनच आली. अर्थ एरेराच्या जवळचा, भाषा अगदी वेगळी.

गावातला लोहार मात्र या कारखान्यांपासून दूर, एखाद्या छोट्या भट्टीवर काम करायचा. कॅस्टीलच्या कितीतरी खेड्यांत ही भट्टी त्याच्या मालकीची नसे, गावाच्या मालकीची असे. गावसभा लोहाराशी करार करी: वर्षभर त्याने नांगराच्या फाळांना टोक काढून द्यायचं, कुदळी-विळ्यांना धार लावायची, कड्या-कोयंडे करायचे, बदल्यात प्रत्येक शेतकरी आपल्या जनावरांच्या जोडीमागे ठरलेले गहू सुगीनंतर मोजून देईल. या पद्धतीला ‘इग्वाला’ म्हणत. डॉक्टर, न्हावी, जनावरांचा वैद्य यांचीही गावाशी अशीच इग्वाला असे. बलुत्याची आठवण व्हावी इतकं हे जवळचं आहे. फरक असा की तो करार होता, वतन नव्हतं. काम पटलं नाही तर गाव दुसरा लोहार शोधी, आणि लोहाराला दुसऱ्या गावात जास्त गहू मिळाले तर तो तिकडे जाई. अशा नव्या गावी गेलेला पेद्रो ‘पेद्रो एरेरो’ म्हणून ओळखला जाणार, हे ओघानेच आलं. घोड्याला नाल ठोकणारा वेगळा. तो ‘एरादोर’, म्हणजे आपला नालबंद, आणि हे आडनावही दोन्हीकडे आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मराठी वाचकाची गल्लत नेमकी इथेच होण्याचा संभव आहे. आपल्याकडे लोहार हे आडनाव ऐकलं की मनात जात येते. स्पेनमध्ये एरेरो हे सुरुवातीला आडनावच नव्हतं. ते एका माणसाचं वर्णन होतं. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत बहुतेकांना एकच नाव असे. मग बापाचं नाव जोडायची रीत पसरली: मार्तिनचा मार्तिनेस, रोद्रिगोचा रोद्रिगेस. पण पाळण्यातली नावंच मोजकी. एका गावात चार हुआन पेरेस निघाले, की जमीन विकल्याचा दस्त लिहिणारा कारकून गोंधळे. म्हणून तो पुढे ओळख लिही: हुआन पेरेस, लोहार. हुआन पेरेस, डोंगराकडचा. त्या हुआनचा मुलगा शिंपी झाला तर त्याच्यापुढे ‘शिंपी’ लिहिलं जाई, लोहार नाही. वर्णन माणसाबरोबर संपत होतं.

हळूहळू ते संपेनासं झालं. जमिनी, वारसा, कर्ज, कर यांचे कागद वाढले, आणि कागदाला तेच नाव पुन्हा हवं असतं. तेराव्या-चौदाव्या शतकात बापाची ओळख मुलाला तशीच लागू लागली. हे किती लवकर झालं याचा एक सुंदर पुरावा आहे. कॅथलिक जगाचा मोठा संत विसेंते फेरर १३५० साली वॅलेन्सियात जन्मला. त्याच्या वडिलांचं नाव गिल्येम फेरर आणि त्यांचा व्यवसाय नोटरीचा, म्हणजे दस्तऐवज लिहून साक्षांकित करण्याचा. लोहार आडनावाचा माणूस लेखणी चालवून पोट भरत होता. म्हणजे १३५० पर्यंत त्या शहरात फेरर या शब्दातून लोखंड निघून गेलं होतं, उरलं होतं फक्त नाव. संताचा भाऊ बोनिफासी फेरर मठवासी झाला आणि बायबलच्या वॅलेन्सियन भाषांतराशी त्याचं नाव जोडलं गेलं. ते भाषांतर १४७८ साली छापलं गेलं.

कॅटलान भाषेच्या पट्ट्यात फेररसारखी आडनावं पुष्कळ आहेत: फुस्तेर म्हणजे सुतार, सबातेर म्हणजे चांभार, तेशिदोर म्हणजे विणकर, फोर्नेर म्हणजे पाव भाजणारा. कॅस्टीलमध्ये त्या मानाने धंद्यांची आडनावं मागे पडलेली दिसतात. एक साधं कारण असं की कॅस्टीलकडे बापाच्या नावाला ‘एस’ लावून आडनाव बनवायचा तयार साचा होता, कॅटलानमध्ये तो नव्हता. आजही स्पेनमधल्या सगळ्यात मोठ्या आडनावांत गार्सिया, रोद्रिगेस, गोन्सालेस, फर्नांदेस, लोपेस हीच मंडळी आहेत.

दुसरं कारण माझ्या मते जास्त खोल आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही. जुन्या कॅस्टीलमध्ये हाताने काम करण्याला कमी लेखलं जाई. लोहार, चांभार, कातडी कमावणारे, शिंपी, सुतार यांचे धंदे ‘नीच आणि यांत्रिक’ म्हणून गणले जात. असं काम करणाऱ्याला अनेक गावांत पंचायतीच्या मानाच्या जागा मिळत नसत, आणि उमरावांच्या लष्करी-धार्मिक पंथांत प्रवेश मागणाऱ्याला घराण्यात कुणी असं काम केलेलं नाही हे सिद्ध करावं लागे. थोर चित्रकार वेलास्केसला सांतियागोच्या पंथात घेताना तो पोटासाठी चित्रं विकत नव्हता, अशा साक्षी काढाव्या लागल्या. १६५९ साली त्याला प्रवेश मिळाला. जिथे चित्रकाराची ही गत, तिथे लोहाराचं काय. जाती नव्हत्या, रोटीबेटीचे नियम आपल्यासारखे नव्हते, पण श्रमाला खालचं मानण्याची वृत्ती तिथेही खोल होती. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवायला हवं.

ही वृत्ती कायद्याने मोडायला १७८३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १८ मार्चला राजा तिसऱ्या कार्लोसने एक फर्मान काढलं. त्यात जाहीर केलं की कातडी कमावण्याचा धंदा, आणि तसेच लोहार, शिंपी, चांभार, सुतार आणि असे इतर धंदे प्रामाणिक आणि प्रतिष्ठेचे आहेत. ते केल्याने ना माणूस हलका ठरतो, ना त्याचं घराणं, आणि गावच्या कारभारातल्या पदांना तो अपात्रही होत नाही. एखाद्या घराण्यात बाप, मुलगा आणि नातू असे तिघं सलग व्यापार-उदीमात चमकले, तर त्यांना उमरावपद देण्याचाही विचार होईल, असंही त्यात म्हटलं. फर्मानात ‘एरेरो’ हा शब्द जसाच्या तसा आहे. आडनाव म्हणून तोवर कित्येक शतकं तो लोकांच्या दारावर होताच. देशाने त्याला सन्मान दिला तो इतक्या उशिरा. फर्मानाने एका रात्रीत मनं बदलली नाहीत, पण वाचताना मला दरवेळी बरं वाटतं.

याला जोडूनच त्या लोकांची आठवण काढायला हवी, ज्यांनी खरोखर पिढ्यान्‌पिढ्या लोखंड बडवलं: अंदालुसियातले हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा (जिप्सी). सेव्हिलच्या त्रियाना वस्तीत त्यांच्या भट्ट्या होत्या. फ्लामेंको या तिथल्या गाण्या-नाचाच्या कलेतला ‘मार्तिनेते’ हा प्रकार भट्टीशी जोडलेला आहे. तो गिटारशिवाय गातात आणि त्याला अनेकदा ऐरणीवरच्या हातोडीची साथ असते. या लोकांची नेहमीची आडनावं एरेदिया, वार्गास, कोर्तेस, आमाया. यांतलं एकही लोहारकामावरून आलेलं नाही.

आडनाव निवडण्यातही बराच काळ मोकळीक होती. भावंडांची आडनावं वेगळी असू शकत, कुणी आईचं लावी, कुणी आजोबांचं, कुणी मालमत्ता देणाऱ्या मामाचं. राजाचा अधिकृत इतिहासकार अंतोनियो दे एरेरा इ तोर्देसियास याचे वडील रोद्रिगो दे तोर्देसियास आणि आई इनेस दे एरेरा. त्याने आईचं आडनाव आधी लावलं आणि इतिहासात तो ‘एरेरा’ म्हणूनच राहिला. या मोकळिकीला चर्चच्या वह्यांनी आळा घालायला सुरुवात केली. कार्डिनल सिस्नेरोसने १४९८ च्या तालावेरा धर्मसभेत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवायला सांगितलं, १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाह आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी सगळ्या कॅथलिक जगाला बंधनकारक केल्या. शेवटचा खिळा ठोकला तो १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने. १८७१ पासून प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतर बाई आपली दोन्ही आडनावं तशीच ठेवते. २००० च्या सुमारास आईचं आधी लावायची मुभा मिळाली, आणि ३० जून २०१७ पासून वडिलांचं आपोआप पहिलं येणंही बंद झालं. क्रम पालकांनी ठरवायचा, नाही ठरला तर नोंदणी अधिकारी ठरवतो.

या दोन आडनावांच्या पद्धतीचं एक उदाहरण मनमाडकरांच्या ओळखीचं आहे. विसेंते फेरर मोंचो, जन्म १९२० चा, बार्सिलोनाचे. फेरर वडिलांकडचं, मोंचो आईकडचं. नाव थेट त्या वॅलेन्सियाच्या संताचं. येशूसंघी (जेझुइट) म्हणून ते १९५२ मध्ये मुंबईत आले आणि पुढे मनमाड परिसरातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत विहिरी, शेती, दवाखाना, शाळा या कामांत गुंतले. त्यांच्या कामावरून मोठा वाद झाला आणि १९६८ मध्ये त्यांना देश सोडायचा आदेश मिळाला. त्याविरुद्ध मनमाडहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. त्यात सुमारे ३० हजार माणसं होती असं सांगतात. १९६९ मध्ये ते भारतात परतले, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रातल्या अनंतपूरला. तिथे त्यांनी ग्रामविकासाची फार मोठी संस्था उभी केली आणि २००९ साली तिथेच त्यांचं निधन झालं. आडनाव लोहाराचं, हातून घडलेलं काम पाण्याचं आणि शेतीचं.

स्पेनबाहेर हे नाव जहाजांनी नेलं. पंधराव्या शतकात दिएगो गार्सिया दे एरेरा कॅनरी बेटांपैकी काहींचा सरदार होता, आणि अमेरिकेला जाणाऱ्या गलबतांचा मार्ग त्याच बेटांवरून जाई. मेक्सिकोत होसे होआकिन दे एरेरा राष्ट्राध्यक्ष झाला, पनामात तोमास एरेराच्या नावाने एक प्रांत आहे. अमेरिकेत बाप्तिस्मा देताना मूळ रहिवाशांना आणि गुलामांना स्पॅनिश नावं दिली गेली. त्यामुळे तिथल्या एरेरांचा कॅस्टीलच्या गावाशी रक्ताचा संबंध असेलच असं मुळीच नाही.

गोव्यातही तेच घडलं, फक्त पोर्तुगीजमधून. एरेराचं पोर्तुगीज भावंड म्हणजे फेरेरा, अर्थ तोच: लोखंडाची जागा. धर्मांतराच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता आपलं आडनाव देई. गोव्यातल्या फेरेरा कुटुंबाचा मूळ पुरुष शेतकरी, व्यापारी, कुणीही असू शकतो. परेराशी मात्र गल्लत नको. ते पेअरच्या झाडावरून आलेलं आहे. बारामतीच्या कारखान्यात चॉकलेट बनवणारी फेरेरो कंपनी इटलीतल्या पिएमोन्तेची. टेनिसपटू फेरेरोशी तिचं नातं नाही. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून हे आडनाव हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. ‘तुमच्या घराण्याचं राजचिन्ह’ छापून विकणारे हे सांगत नाहीत.

एखाद्या विशिष्ट घराण्याचं खरं काय, हे शोधायचं असेल तर कॅस्टीलपुरती एक अप्रतिम सोय आहे. १७४९ मध्ये सहाव्या फर्नांदोचा मंत्री एन्सेनादाचा मार्केस याने करपद्धती सुधारण्यासाठी कॅस्टीलच्या राज्यातल्या सुमारे १५ हजार गावांची पाहणी सुरू केली. गावकऱ्यांना शपथेवर ४० प्रश्न विचारले गेले. तेहेतिसावा प्रश्न असा: गावात हातकामाचे कोणते धंदे आहेत, गवंडी, पाथरवट, जनावरांचे वैद्य, लोहार, चांभार, शिंपी, विणकर, प्रत्येकात उस्ताद किती, कारागीर किती, शिकाऊ किती, आणि नुसत्या आपल्या धंद्यावर प्रत्येकाला रोजची मिळकत किती. या ४० उत्तरांचे कागद स्पेनच्या सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. गावाचं नाव टाकायचं, तेहेतिसाव्या उत्तरापर्यंत जायचं, आणि तिथे नोंदलेल्या लोहाराचं आडनाव वाचायचं. पुष्कळदा ते गार्सिया किंवा लोपेस निघतं.